डोळ्यातलं पाणी कुठल्या वाटेनं न्यायचं

आमच्या घरात अश्रुपिशवीच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. सासूबाईंची १९८७ साली, माझी २०१८ च्या हिवाळ्यात आणि धाकट्या नणंदेची त्यानंतर वर्षभरानं. आजार एकच, डोळ्यातून नाकात पाणी उतरण्याची वाट बंद होण्याचा. शस्त्रक्रिया मात्र तीन तऱ्हेच्या, आणि ज्या बाईवर जी झाली ती तिच्यासाठी योग्यच होती असं मी आज ठामपणे म्हणू शकते. भिलाईत हळदीकुंकवाला, गणपतीत, भाजीबाजारात भेटणाऱ्या बायका मला अजून विचारतात, ‘चिरा देऊन केलेलं चांगलं की दुर्बिणीतून?’ उभ्या उभ्या सांगता येईल असं त्याचं उत्तर नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. यांची नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, रेल मिलमध्ये. १९५६ पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर राजधानी होती, त्यामुळे या भागाला मराठी माणूस नवा नव्हता. प्लांट उभा राहिल्यावर तर देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून लोक आले. लग्नानंतर मीही इथलीच झाले. टाउनशिपमधल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले.

डाव्या डोळ्यातून पाणी येणं शाळेत असतानाच सुरू झालं होतं. आधी थंडीत, वाऱ्यात, स्कूटरवरून जाताना. मग वर्गातही. फळ्याकडे तोंड करून आकृती काढताना गालावर ओघळ यायचा आणि वळले की पहिल्या बाकावरची एखादी मुलगी हळूच विचारायची, ‘मैडम, आप रो रही हैं?’ मी हसून नाही म्हणायचे. पण दिवसभर एका डोळ्याला रुमाल लावून वावरणं सोपं नसतं. समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो, घरात काही झालंय का असं नजरेनं विचारतो. पुढे पुढे सकाळी पापण्या चिपडानं चिकटायला लागल्या. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबलं की पांढरट चिकट पाणी वर यायचं.

सगळे म्हणायचे, प्लांटची धूळ आहे, भिलाईत राहायचं म्हणजे हे असणारच. दुकानातून थेंब आणले, ते घातले की आठवडाभर बरं वाटायचं. या धुळीच्या कारणानं आमच्याकडे किती जणांचा इलाज लांबतो, त्याची मला खरोखर चीड येते. धूळ दोन्ही डोळ्यांत जाते. एकच डोळा सतत गळत असेल तर त्या बाजूची वाट तपासायलाच हवी.

माझी वाट तपासली गेली ती मोतीबिंदूमुळे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी डाव्या डोळ्याला धुकं दिसायला लागलं म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेले. मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, त्याआधी सिरिंजिंग करून घेऊ, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी ही तपासणी बहुतेक ठिकाणी करतात. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले. खालच्या पापणीच्या कडेला, नाकाच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. ते जरासं रुंद करून त्यात बारीक बोथट सुई घातली आणि सलाइनचं पाणी सोडलं. ‘गले में आया? नमकीन लगा?’ डॉक्टरांनी विचारलं. घशात काहीच आलं नव्हतं. पाणी वरच्या पापणीच्या छिद्रातून उलटं बाहेर आलं होतं आणि सोबत पू.

‘आधी याचं बघावं लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘याच्यासकट मी मोतीबिंदूला हात लावणार नाही.’

त्यांनी असं का म्हटलं, हे मी शिक्षिका असल्यामुळे कागदावर काढूनच समजून घेतलं. डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला अश्रुग्रंथी असते. पापणी मिटली की पाणी डोळाभर पसरतं आणि त्याच मिटण्यानं आतल्या कोपऱ्यातल्या दोन छिद्रांत ओढलं जातं. तिथून एकेक सेंटिमीटरच्या दोन बारीक नळ्या, पुढे हाडाच्या खाचेत बसलेली अश्रुपिशवी, आणि पिशवीच्या तळातून हाडातूनच खाली जाणारी नलिका. ती नाकात खालच्या बाजूला उघडते. म्हणून रडलं की नाक वाहतं आणि डोळ्यात घातलेल्या औषधाची कडवट चव घशात येते. ही शेवटची नलिका आतून सुजून, आक्रसून बंद झाली की पिशवीत पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. अशा डोळ्यात मोतीबिंदूसाठी छेद दिला आणि ते जंतू आत गेले तर अख्खा डोळा गमवावा लागू शकतो. मध्यमवयीन आणि वयस्कर बायकांत हे जास्त दिसतं. त्यांच्या हाडातली ही वाट मुळात अरुंद असते, हे त्याचं एक कारण मानतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्याच्या रोगांमध्ये ‘पूयालस’ सांगितला आहे. कोपऱ्यात सूज येऊन त्यातून पू वाहण्याचं ते वर्णन वाचताना मला माझाच डोळा दिसला.

आणि सासूबाईंचा. १९८७ मध्ये त्या सत्तरीच्या होत्या, दमेकरी होत्या. त्यांचाही मोतीबिंदू याच कारणानं अडला होता. सेक्टर ९ च्या रुग्णालयात डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन समजावलं होतं की नवी वाट काढायची मोठी शस्त्रक्रिया या वयात आणि या छातीला नको, पिशवीच काढून टाकू. या शस्त्रक्रियेला डीसीटी म्हणतात. ती कमी वेळात होते, हाड कापावं लागत नाही, रक्त कमी जातं. पूचं घरच गेल्यामुळे मोतीबिंदूचा रस्ता मोकळा झाला. पण पाणी वाहून जायला वाट उरली नाही, त्यामुळे त्यांचा डोळा शेवटपर्यंत ओलाच राहिला. कमरेला खोचलेला सुती रुमाल त्यांच्या हातात कायम असायचा. त्यांची तक्रार नव्हती. पोथीची अक्षरं दिसायला लागली यातच त्या खूश होत्या. आजही फार म्हाताऱ्या किंवा अशक्त माणसाला डीसीटी सुचवली तर डॉक्टर जुनाट आहेत असं समजू नये.

पिशवीतला पू तसाच ठेवला तर काय होतं, ते मी दुसऱ्या घरातही पाहिलं. आमच्याकडे कामाला येणारी बाई धमध्याकडच्या गावातली. तिच्या सासूचा डोळा असाच वर्षानुवर्षं वाहत होता. धानकापणीत लोंबीचं कुसळ बुबुळाला लागलं. निरोगी डोळ्यात एवढीशी जखम बहुधा भरून आली असती. इथे जखमेच्या शेजारीच जंतूंचं साठवण होतं. बुबुळावर व्रण झाला, तो वाढला आणि दृष्टी गेली. छत्तीसगढसारख्या भाताच्या मुलखात वाहणारा डोळा ही किरकोळ बाब नाही.

माझ्यापुढे आता प्रश्न होता तो कुठली शस्त्रक्रिया याचा. थेंबांनी मोठ्या माणसाची बंद नलिका उघडत नाही. तान्ह्या बाळाची वाट कोपऱ्यावर मालिश करून बहुतेक वेळा वर्षभरात मोकळी होते, नाहीतर सळई घालून उघडतात. तेच मोठ्यांना का करत नाहीत, हे मी विचारलं होतं. बाळाच्या नलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा उरलेला असतो. आमच्या वयात मात्र नलिकाच आतून जून होऊन चिकटलेली असते, सळईनं उघडली तरी पुन्हा मिटते. म्हणून डीसीआर नावाची शस्त्रक्रिया. मोरीची खालची नळी कायमची तुंबली की भिंतीतून नवं तोंड काढतात, तसं पिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडात खिडकी पाडून पिशवी सरळ नाकात उघडायची. या खिडकीपर्यंत पोचायच्या दोन वाटा आहेत. एक बाहेरून, नाकाच्या बाजूच्या कातडीला छेद देऊन. दुसरी नाकपुडीतून, दुर्बिणीनं.

माझी भाची तेव्हा नेत्ररोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही दोघी फराळाचं ताट मध्ये ठेवून याच विषयावर बसलो.

‘मावशी, आधी एक सांग. सुई घातल्यावर आत कडक लागलं असं डॉक्टर म्हणाल्या की मऊ?’

मी म्हटलं, ‘कडक. केसपेपरवरही तसंच लिहिलंय.’

‘मग चांगलं आहे. म्हणजे सुई पिशवीपर्यंत पोचली आणि पलीकडच्या हाडाला टेकली. वरच्या नळ्या मोकळ्या आहेत, अडथळा खाली आहे. मऊ लागलं असतं तर नळीच बंद, आणि मग नुसत्या डीसीआरनं भागत नाही. कधी कधी काचेची नळी कायमची बसवावी लागते.’

बायकांशी बोलताना मी आता हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारते. बाहेरून की आतून हा विचार त्यानंतरचा.

भाचीनं मला या शस्त्रक्रियांचा इतिहासही सांगितला, आणि त्यानं माझा एक समज पार उलटला. चिरा देण्याची पद्धत जुनी आणि नाकातली नवी, असं आपण धरून चालतो. नाकातून वाट काढायचा प्रयत्न अमेरिकेत कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच मांडला होता. बाहेरून करायची पद्धत इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी सांगितली ती १९०४ साली, म्हणजे नंतर. १९२१ च्या सुमारास फ्रान्समधल्या द्युपुई-द्युतां आणि बुर्गे यांनी पिशवीचं अस्तर आणि नाकाचं अस्तर एकमेकांना टाक्यांनी जोडायची सुधारणा केली. त्यामुळे खिडकी बुजणं कमी झालं आणि ही पद्धत पक्की बसली. नाकातली पद्धत मागे पडली, कारण नाकपुडी अरुंद, आत अंधार, रक्त आलं की काहीच दिसत नाही. नाकाच्या दुर्बिणी आल्यावर ती परतली. १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मायरिंग यांनी दुर्बिणीतून केलेल्या डीसीआरचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि पुढच्या काळात हाड झिजवायची बारीक यंत्रं आल्यावर तिचे निकाल सुधारत गेले.

‘निकाल’ या शब्दावर आम्ही बराच वेळ बोललो. फिनलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काही रुग्णांना बाहेरून आणि काहींना नाकातून लेझरनं करण्यासाठी निवडलं होतं. वर्षभरानंतर बाहेरून केलेल्यांपैकी ९१ टक्क्यांची वाट उघडी होती, लेझरवाल्यांपैकी ६३ टक्क्यांची. लेझरला वेळ मात्र खूपच कमी लागला होता. पण लेझर न वापरता, हाड नीट कापून, मोठी खिडकी पाडून नाकातून केलं तर फरक फारसा उरत नाही असं अनेक शल्यविशारदांचे अनुभव सांगतात. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरातल्या चाचण्या चाळल्या तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरणाऱ्या फक्त दोन सापडल्या. इतक्या थोड्या पुराव्यावर खात्रीनं निवाडा देता येत नाही, असंच त्यांनी लिहिलं. मला ही कबुली फार मोलाची वाटली. एखादा डॉक्टर ‘हीच एक चांगली’ असं छातीठोक सांगायला लागला तर आपण थोडं थांबावं.

यश म्हणजे काय मोजलं, हेही भाचीनं विचारायला शिकवलं. सलाइन सोडलं आणि घशात आलं, हे एक यश. डोळा गळायचा थांबला, हे दुसरं. पापणीचा स्नायू सैल असेल तर वाट उघडी असूनही पाणी नीट ओढलं जात नाही. बाहेरून करताना या स्नायूच्या धाग्यांतून आत जावं लागतं, नाकातून केलं तर त्याला धक्का लागत नाही. हा नाकाच्या वाटेचा खरा फायदा आहे. चेहऱ्यावर व्रण नाही एवढंच लोक बोलतात.

रायपूरला जाऊन मी नाकातून करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांचाही सल्ला घेतला. त्यांनी दुर्बीण घालून नाक तपासलं, पडद्यावर मला दाखवलंही. नाकाचा पडदा सरळ होता, कुठे मस्सा नव्हता. ते म्हणाले, माझ्याकडून करायचं तर पूर्ण भूल द्यावी लागेल, मी त्याच पद्धतीनं करतो. माझं बीपी वाढलेलं असायचं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. त्यांनी दडपण आणलं नाही. उलट म्हणाले, ‘तुमच्या नेत्रतज्ज्ञांचा बाहेरून करायचा हात चांगला आहे आणि त्या नुसती जागा बधिर करून करतात. मी तुमच्या जागी असतो तर हे लक्षात घेतलं असतं.’ दुसऱ्याच्या हाताचं असं मोकळं कौतुक करणारा डॉक्टर भेटणं हे रुग्णाचं भाग्य.

तिसरा पर्याय जाहिरातीतला होता. चिरा नाही, टाका नाही, काही मिनिटांत लेझर. आमच्याच ओळीतल्या एका क्वार्टरमधल्या बाईंनी तो दुसऱ्या शहरात जाऊन घेतला होता. पापणीच्या छिद्रातून लेझरचा बारीक तंतू घालून आतून हाडाला भोक पाडतात. त्या संध्याकाळी घरी आल्या, चेहऱ्यावर काहीच खूण नव्हती. काही महिन्यांत पाणी पुन्हा सुरू झालं. लेझरनं पडणारी खिडकी लहान असते आणि भोवतीची जागा भाजल्यामुळे भरून येताना ती मिटायची शक्यता जास्त असते. ही गोष्ट त्यांना आधी कुणीही सांगितली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला मोठी शस्त्रक्रिया झेपणारच नाही त्याला लेझर उपयोगी पडू शकतं. पण निवड करताना त्याची उणी बाजू समोर ठेवायलाच हवी.

मी बाहेरून करायचं ठरवलं. वय साठीचं, चेहऱ्यावरच्या रेघेची फिकीर नव्हती, पूर्ण भूल नको होती, आणि ज्या हातांकडे जाणार होते त्यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलेलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी सांगितले तेवढे दिवस थांबवली. ती स्वतःच्या मनानं कुणी थांबवू नये, आणि ती चालू असल्याचं लपवूही नये. नाकाच्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो, या शस्त्रक्रियेत सगळ्यांत जास्त त्रास रक्तच देतं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिला नकोसा भाग नाकाचा होता. बधिर करणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधात भिजवलेली गॉजची लांब पट्टी चिमट्यानं नाकात वरपर्यंत भरतात. डोळ्यांत पाणी येतं, घसा जड होतो, वरचे दात आपले नाहीत असं वाटायला लागतं. मग डोळ्याच्या कोपऱ्याजवळ आणि गालाजवळ इंजेक्शनं. त्यानंतर दुखलं नाही. ओढणं, दाबणं, खरवडणं कळत होतं. डोळा आणि नाकाचा उंचवटा यांच्या मध्ये साधारण सेंटिमीटरभराचा छेद असतो. तिथल्या शिरेला वाचवत, स्नायू बाजूला सारत हाडापर्यंत जातात.

‘अब आवाज़ आएगी, घबराइएगा नहीं,’ डॉक्टर म्हणाल्या. आणि आला. केरिसन पंच नावाच्या चिमट्यानं हाडाचे बारीक तुकडे तोडत खिडकी मोठी करतात. तो कट्कट् आवाज कानानं येत नाही, कवटीतून येतो. माझ्या हाताशी उभी असलेली आया हात दाबून म्हणाली, ‘झन डरा, दाई.’ मी तिचा हात सोडला नाही. घशात रक्त उतरत होतं. गिळू नका, थुंका, असं सांगून सिस्टर नळीनं ते ओढून घेत होत्या. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मी मनात आकृती आठवत राहिले, आता अश्रूचं हाड, आता नाकाचं अस्तर, आता पिशवी उघडली असणार. भीती आवरायला त्याचा खरंच उपयोग झाला. खिडकी दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, कारण भरून येताना ती पुष्कळ लहान होते. शेवटी पिशवीचा आणि नाकाच्या अस्तराचा पदर एकमेकांना टाक्यांनी जोडला, वरून कातडीला बारीक टाके घातले. तासाभरात मी बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी नाकातली पट्टी काढली. ते मला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेलं. नंतरच्या सूचना साध्या, पण काटेकोर होत्या. उशी उंच. सुरुवातीला गरम चहा नाही, वाफ नाही, वाकून काम नाही. नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं ते आठवडाभरात ओसरलं, त्याच सुमारास टाके निघाले. कुणी सांगितलं नव्हतं तो त्रास चष्म्याचा होता. चष्म्याची नाकावरची गादी नेमकी टाक्यांवर बसायची. मग यांनी मऊ गॉजची घडी चिकटवून दिली. आणखी एक गोष्ट बऱ्याच दिवसांनी लक्षात आली. जोरात शिंकलं की डोळ्याच्या कोपऱ्यात वाऱ्याची बारीक झुळूक जाणवते. वाट उघडी असल्याची ती खूण आहे, घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेघ आधी लालसर होती, काही महिन्यांत सुरकुतीत मिसळून गेली.

तपासणीला पुन्हा सलाइन सोडलं तेव्हा खारट पाणी घशात उतरलं. नेहमी अगदी मोजकं बोलणाऱ्या आमच्या डॉक्टर त्या दिवशी मोठ्यानं ‘शाबास’ म्हणाल्या. काही आठवड्यांनी मोतीबिंदूही निर्विघ्न झाला.

नणंदेचं सगळं वेगळं घडलं. ती नागपूरला असते. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर एका रात्रीत लाल, गरम, ठणकणारी गाठ आली, ताप आला. ‘वहिनी, डोळा उघडतच नाहीये,’ असा तिचा फोन. साचलेल्या पिशवीत अचानक संसर्ग पेटला होता आणि पू धरला होता. अशा वेळी बाहेरून छेद देऊन डीसीआर करणं डॉक्टर टाळतात. सुजलेल्या कातडीतून नीट काम होत नाही, जखम बिघडते. आधी औषधं, गरज पडली तर गाठीला छेद देऊन पू काढणं, आणि सगळं शांत झाल्यावर, काही आठवड्यांनी, शस्त्रक्रिया. नाकाच्या वाटेनं मात्र सुजेच्या मागून पिशवीपर्यंत जाता येतं. तिच्या नाकाचा पडदाही वाकडा होता, तो सरळ केल्याशिवाय दुर्बिणीला जागा होणार नव्हती. नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांनी मिळून, पूर्ण भूल देऊन, एकाच बैठकीत पडदा सरळ केला, पू नाकात मोकळा केला आणि वाट काढली. वाट मिटू नये म्हणून पापणीच्या छिद्रांतून नाकापर्यंत सिलिकॉनची बारीक नळी ठेवली. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा पारदर्शक धागा दिसायचा. दीड-दोन महिन्यांनी तो काढला.

चेहऱ्यावर खूण नाही, दुखणं माझ्याहून कमी. पण तिला नाक साफ करून घ्यायला डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा जावं लागलं. आतल्या खपल्या काढल्या नाहीत तर तिथे गाठी धरतात, अस्तर एकमेकांना चिकटतं. रोज नाकात सलाइनचे फवारे. ज्याला शहरात वारंवार येणं परवडत नाही त्यानं हे आधीच विचारात घ्यावं. खेड्यातून बस धरून येणाऱ्या बाईला बाहेरची शस्त्रक्रिया अनेकदा सोयीची पडते ती याच कारणानं.

नागपूर आमच्यासाठी जवळ, एका गाडीचा प्रवास. गुंतागुंतीची प्रकरणं, म्हणजे आधी शस्त्रक्रिया फसलेली किंवा अपघातात हाड मोडलेलं असेल तर इथले डॉक्टर मोठ्या केंद्रात जायला सांगतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रुमार्गाच्या आजारांसाठी स्वतंत्र संस्थाच आहे, गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाची. आणि पाण्यातून रक्त येत असेल, किंवा कोपऱ्यावरची गाठ कडक असून वरच्या बाजूला वाढत असेल, तर आधी सीटी स्कॅन. पिशवीत क्वचित ट्यूमर असतो, तिथे डीसीआर करून चालत नाही.

सध्या सेक्टर ५ मधली एक बाई माझ्याकडे येते. चाळिशीतली आहे, बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांसमोर डोळा पुसत काम करण्याला ती कंटाळली आहे. चेहऱ्यावर रेघ नको आहे आणि तसं म्हणायला ती संकोचते. तिला मी सांगितलं, यात संकोच कशाला, तो तुझा चेहरा आहे, डॉक्टरांना स्पष्ट सांग. तब्येत चांगली आहे, बीपी नाही, रायपूरला येणं-जाणं जमण्यासारखं आहे. दुर्बिणीची वाट तिला मानवेल असं मला वाटतं. पण तिचं सिरिंजिंग अजून झालेलं नाही, सुई आत कडक टेकते की मऊ हे ठाऊक नाही, आणि नाक कुणी पाहिलेलं नाही. मंगळवारी तिला सुटी आहे. आधी इथे डोळ्याची तपासणी, मग रायपूरला नाकाची. मी सोबत जाणार आहे.